पेपरमिटचा डबा

त्या दिवशी तिथं कोण कोण व्हतं ते आधी सांगते, म्हंजे मागनं कुणी बोलायला नको की हिरामावशीनं पदरचं घातलं. एक मी, दवाखान्यातली आया. दुसरी मंजी, ठेक्यावरची सफाईवाली, वय तेवीस-चोवीस, ठाकूरवाडीच्या वरल्या अंगाला एक वाडी हाय तिथली. तिसऱ्या म्हात्रेसिस्टर, बाळंतपणाच्या वार्डाच्या. चौथ्या आमच्या डॉक्टरबाई, नव्याच आलेल्या. पाचवा बबन, ठेकेदाराचा सुपरवायझर. आन सहावे कदमभाऊ, औषधाचं स्टोअर सांभाळणारे. ते तिथं नव्हते, फोनवर व्हते, पण त्यांच्याबिगर हे झालंच नसतं म्हणून त्यांनाबी धरते. नावं बदललीत, माणसं खरी हायत. दवाखान्याचं नाव सांगत नाय. कर्जत-खालापूरकडचा सरकारी दवाखाना, एवढं पुरे.

मी चौथी शिकलेय. दिवाळी अंकवाले बोलले, मावशी, नोकरीचं लिहा. नोकरीचं काय लिहायचं? लादी पुसली, बेडपॅन उचलले, बाया बाळंत झाल्या तेवा त्यांचे पाय धरले. आयाला दवाखान्यात सगळे मावशी बोलतात. डॉक्टरबी मावशी बोलतात, पेशंटबी बोलतात, आन पेशंटची सासू असली तर ती माझ्यापेक्षा म्हातारी असून मावशी बोलते. ते एक असो.

पण एक काम सांगते, ते कळल्याबिगर पुढचं कळायचं नाय. दवाखान्याचा कचरा घरच्या कचऱ्यासारखा नसतो. रक्ताचा कापूस, बाळंतिणीची वार, हे पिवळ्या पिशवीत. सलाइनच्या नळ्या, हातमोजे लाल पिशवीत. काच निळ्या डब्यात. आन सुया पांढऱ्या जाड डब्यात, ज्याच्यातनं सुई आरपार येत नाय. सुई टोचून झाली की जिनं टोचली तिनंच ती पांढऱ्या डब्यात टाकायची. एवढं सोपं हाय. पण एकाच वेळी दोन बाया कळा देत असल्या की कुणाचा तरी हात घाईत पिवळ्या पिशवीकडं जातो. सुई कापसात दडते. मंग ती पिशवी सफाईवाली उचलते. सुई टाकणाऱ्याला लागत नाय, उचलणारीला लागते.

त्या दिवशी मंजीला लागली.

सकाळी साडेआठची गोष्ट. रात्रीत पाच बाळंतपणं झालेली. मी वार्ड पुसून मागच्या शेडकडं गेले तर पिवळी पिशवी अर्धी बांधलेली, तशीच पडलेली. मंजी कधी काम अर्धं टाकायची नाय. मी पिशवी हलवून बघितली तर बाजूनं सुईचं टोक बाहेर. आन खाली फरशीवर चुन्याची बोटं उमटलेली.

बबन तिथंच तंबाखू मळत उभा.

"बबन्या, मंजी कुठं हाय रं?"

"घरी धाडली. अंगठ्याला काटा लागला तिच्या."

"काटा? दवाखान्यात काटा कुठनं आला?"

त्यानं तंबाखू तोंडात टाकली.

"आन हा चुना?"

"तिनंच मागितला माझ्याकडं. लावला न गेली. टिटॅनसचं इंजेक्शन घे बोललो, तर बोलली नको. मी काय करू?"

मंजीच्या वाडीला पाय फाटला, काटा रुतला, तर हेच करतात. पिळून रक्त काढायचं, तोंडानं ओढायचं, थुकायचं, वर चुना दाबायचा. जंगलात हिंडणाऱ्या माणसाचं ते बरोबरच हाय. पण सुई म्हंजे करवंदीचा काटा नाय. काट्याच्या पोटात दुसऱ्याचं रक्त नसतं, सुईच्या पोटात असतं.

मी सुई चिमट्यानं धरून पांढऱ्या डब्यात टाकली आन सिस्टरकडं गेले. म्हात्रेसिस्टरचा चेहरा उतरला. त्यांनी दार लोटलं. बोलल्या, "मावशी, रात्रीच्या पाचजणींत एक त्या आजाराची व्हती, रक्तातनं लागतो तो. कुठली ते इचारू नका."

मी कशाला इचारू? ती बाई आपली औषधं घेत व्हती, आपलं बाळ घेऊन सुखानं जाणार व्हती. तिचा काय दोष त्यात?

डॉक्टरबाई धावत आल्या. वयानं माझ्या लेकीएवढ्या, पण डोकं थंड. बोलल्या, "पेप सुरू करायचं. आत्ताच. त्या आजाराची लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या गोळ्या असतात, अठ्ठावीस दिवस, रोज एक. पहिली गोळी जितकी लवकर पोटात जाईल तितकं चांगलं. बहात्तर तास उलटून गेले तर मग देऊन उपयोग नाही. कुठे आहे ती?"

"घरी गेली."

"आणि गोळ्या?"

सिस्टर बोलल्या, "स्टोअरात. कपाटाला कुलूप. कदमभाऊ मीटिंगला अलिबागला गेलेत. चावी त्यांच्याकडं."

तेवढ्यात बबन दारात येऊन उभा राह्यला. "मॅडम, उगाच मोठं करू नका. ती दवाखान्याची नोकर नाय, ठेक्याची हाय. त्या गोळ्या स्टाफसाठी असतात. आन रिपोर्ट लिहिला तर तिचीच चूक निघंल, हातमोजे घातले नव्हते बोलतील. तिची नोकरी जाईल."

हातमोजे! त्यानं दिलेले हातमोजे असे की भांडी घासताना फाटतील.

मी बोलले, "बबन, ती कुणाची नोकर हाय ते सुईनं इचारलं काय रं तिला?"

डॉक्टरबाई त्याच्याकडं न बघता बोलल्या, "गोळी सगळ्यांसाठी असते. ज्याला सुई लागली त्याच्यासाठी. मावशी, कदमांना फोन लावा."

आता इथं ऐका. कदमभाऊंना मी फोन लावला, तर ते कुठंतरी गाडीत, आवाज तुटक तुटक. सिस्टर वार्डात, डॉक्टरबाईंना कळा देणारी बाई आलेली, म्हणून बोलायचं माझ्याच गळ्यात.

"कदमभाऊ, मी हिरामावशी. पेपच्या गोळ्या कुठं हायत?"

"काय? पेपर?"

"पेपर नाय, पेप! गोळ्या! पेपच्या गोळ्या!"

"पेपरमिटच्या गोळ्या?"

"अवो, पे... प..."

"हां हां, पेपरमिट. खोकला लागला काय मावशी? घ्या ना, इचारता काय. माझ्या टेबलाच्या डाव्या ड्रॉवरात हायत. उघडाच हाय ड्रॉवर. सगळ्या नका खाऊ पण!"

आन फोन कट. परत लावला तर लागेचना.

मी कपाळाला हात लावला. म्हातारा गडी, घसा खवखवतो म्हणून सदानकदा पेपरमिट चघळतो, दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक. तरी म्हणलं बघू तर ड्रॉवर. गेले, ओढला. खरंच पेपरमिटचा पुडा. पुडा उचलला तर खाली किल्ल्यांचा जुडगा.

मी जुडगा डॉक्टरबाईंपुढं धरला तर त्या हसायलाच लागल्या. त्या दिवसातलं पहिलं हसणं. सिस्टर मात्र घाबरल्या. "स्टोअरकीपर नसताना कपाट उघडायचं? उद्या माझ्यावर येईल."

डॉक्टरबाईंनी कागद घेतला, तिथंच उभ्यानं लिहिलं की कपाट माझ्या सांगण्यावरनं उघडलं, काय घेतलं, किती घेतलं, किती वाजता. सही केली. सिस्टरनं सही केली. मलाबी सांगितलं, करा. मी नोकरीत पगाराशिवाय दुसऱ्या कशावर सही केली नव्हती. केली.

सलाइनच्या खोक्यांच्या मागं बाटली सापडली. पांढरी, तीस गोळ्यांची. तारीख बघितली, चांगली व्हती. डॉक्टरबाईंनी एक गोळी काढून पाकिटात घातली. "पहिली आज जाऊ दे. रक्त उद्या तपासू. तपासणीसाठी गोळी थांबवायची नसते. पण नेणार कोण?"

"मी जाते," बोलले.

"आणि वार्ड?"

म्हात्रेसिस्टरनं पदर खोचला. "वार्ड मी पुसते. मावशी, तुम्ही निघा."

मी निघताना मागं बघितलं तर सिस्टर पांढऱ्या साडीत बादलीत फडकं पिळत व्हत्या. नोकरीत मी खूप बघितलं, पण हे एकदाच.

पायथ्यापर्यंत टमटम गेली. तिथनं चढण. माझे गुडघे तेवाच बोलायला लागले व्हते. वालाच्या शेंगा लागल्या व्हत्या, ऊन मवाळ व्हतं, तरी मला घाम फुटला. वाटेत मला माझंच आठवत राह्यलं. ते सांगते, कारण नाय सांगितलं तर मी एवढी का चढले ते कुणाला कळायचं नाय.

मी नोकरीला नवी व्हते, तेवा मलाबी सुई लागलेली. त्या आजाराचं नाव तेवा नवंनवं ऐकू येत व्हतं. धाकटी लेक माझी अंगावर पीत व्हती. मला कुणी गोळी सांगितली नाय. व्हती का नव्हती तेबी ठाऊक नाय. एकीनं जाता जाता सांगितलं, हिरे, पोरीला पाजू नको आता. तेवढंच. मी त्या दिवसापासनं पाजणं तोडलं. पोर रडायची, मी छाती बांधून बसायची. नवऱ्यापासनं लांब झोपायची, माझं ताट वेगळं केलं. कुणाला का ते सांगितलं नाय. सहा महिन्यांनी तपासलं, काय नव्हतं. काहीच नव्हतं. पण दूध आटलं ते आटलंच. पोर मोठी झाली, नांदते, तिला हे ठाऊकबी नाय. रडून सांगत नाय मी. झालं ते झालं. पण मंजीचंबी पोर अंगावर व्हतं.

वर पोचले तर मंजी अंगणात शेंगा निवडत बसलेली, पोर मांडीवर. बाजूला सासू. बुधीबाई तिचं नाव. काटक म्हातारी. त्यांची बोली वेगळी, मला तशी लिहिता यायची नाय, माझ्या बोलीत सांगते.

मंजी मला बघून उठलीच. "मावशी, बबननं नोकरीवरनं काढलं काय मला?"

"नाय गं. तुझ्यासाठी गोळी आणलीय."

"कसली गोळी?" हे सासू.

आता काय बोलायचं? त्या आजाराचं नाव घेतलं तर वाडीत पाचदहा घरं, सांजेपर्यंत सगळीकडं होईल. पोरीला घरात घेतील का नाय कोण सांगणार? माझ्या तोंडातनं निघून गेलं, "पेपरमिटची."

"मंग मला पण दे की एक. खोकला हाय मला."

माझं नशीब बघा. कदमभाऊंचा पुडा माझ्या पिशवीत तसाच राह्यलेला. मी म्हातारीला त्यातली एक दिली. मंजीला बाजूला घेतलं, पाणी घेऊन गोळी गिळ बोलले. ती गिळताना सासू बघतच व्हती.

"तिची चघळायची नाय काय?"

"तिची मोठी हाय. गिळायची असते."

"मला बारकी देतेस व्हय?"

मंजीला मी मागच्या खडकावर नेलं. तिथंच फोनला रेंज येते. डॉक्टरबाईंना लावून दिला. त्यांनी तिला सगळं समजावलं. मूतखडा-किडनीचा आजार हाय का, दुसरी कुठली औषधं चालू हायत का, दिवस गेलेत का, सगळं इचारलं. मंजी नुसती नाय नाय करत व्हती. मंग तिनं एकच इचारलं, "बाई, पोराला पाजू काय?"

मी फोनला कान लावला.

डॉक्टरबाई बोलल्या, मी आत्ता मोठ्या डॉक्टरांना विचारते आणि पाच मिनिटांत सांगते, कुणाच्याही बोलण्यावरून बंद करू नकोस. आमी दोघी खडकावर बसून राह्यलो. मंजी बोलली, "मावशी, मला मरण येईल काय?" मी बोलले, "येईल. माझ्या वयाची झाल्यावर." फोन आला. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, पाज, पण एकबी गोळी चुकवू नको. हे मंजीचं झालं. दुसरीनं आपलं आपल्या डॉक्टरला इचारावं, माझ्या लिहिण्यावर जाऊ नये.

सुई साडेआठच्या सुमाराला लागलेली, गोळी दोनच्या आत पोटात. उतरताना गुडघे दुखले नायत. का ते मला ठाऊक नाय.

दुसऱ्या दिवशी मंजी आली, रक्त दिलं, बाटली घेऊन गेली. मला वाटलं सुटलो. पण गोळी मिळणं एक आन अठ्ठावीस दिवस घेणं दुसरं.

आधी बबन. त्यानं मंजीची दोन दिवसांची गैरहजेरी लावली न दुसरीला बोलावून ठेवली. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट लिहिला व्हता, पण तो कुठंतरी टेबलावर पडलेला. मी हजेरीच्या वेळी सगळ्या सफाईवाल्यांसमोर बबनला इचारलं, "बबन, तुझ्या अंगठ्याला उद्या सुई लागली तर चुना कुणाकडं मागशील रं?" बाया खदाखदा हसल्या. त्याचं तोंड एवढंसं. पण मी तिथंच थांबले नाय. बोलले, मंजीची हजेरी लागल्याबिगर आज एक पिशवी हलणार नाय. मी कायमची नोकर, मला कोण काढणार? ठेक्यावरच्या बोलू शकत नव्हत्या, म्हणून मी बोलले. पिशव्या दहापर्यंत पडून राह्यल्या. वास सुटला. मोठे साहेब बाहेर आले. डॉक्टरबाई रिपोर्ट घेऊनच उभ्या व्हत्या. हजेरी लागली. नवे हातमोजेबी आले, जाड.

आठवडा गेला असंल, बुधीबाई एकटी डोंगर उतरून दवाखान्यात आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बाटली. मी पायरी पुसत व्हते. माझ्यापुढं येऊन उभी राह्यली.

"तू मला पेपरमिट चारलंस. माझ्या सुनेला काय चारलंस?"

मी फडकं खाली ठेवलं.

"आमच्या वाडीत एक गेला," ती बोलली. "त्याच्या घरात हीच बाटली व्हती. अशीच वाजायची. मंजी उशाला ठेवते, पोर हलवतंय, खुळखुळतंय. वाडीला कळलं. मंजीनं गोळी टाकून दिली काल. बोलते, नाय घेत मी, लोक मला वेगळी बसवतील."

काल टाकून दिली! चूक माझीच. मी खोटं बोलले व्हते आन ते खोटं बाटलीत वाजत व्हतं.

मी तिला बाकावर बसवलं, आधी बोलले, "बुधीबाई, मी खोटं बोलले. मला माफ कर." मंग सांगितलं. "तुझी सून आजारी नाय. ज्याला आजार झाला तोबी असलीच गोळी खातो, आन ज्याला होऊ नये तोबी खातो. तुमी वावराला कुडाचं कुंपण कधी घालता?"

"डुकरं शिरायच्या आधी."

"शिरल्यावर घालून?"

"काय उपेग?"

"ही गोळी कूड हाय. अठ्ठावीस दिवसांचा कूड. तो मधेच उघडा टाकायचा नाय."

म्हातारीनं काठी बाकाला टेकवली. मंग बोलली, "हे त्या दिवशीच बोलली असतीस तर माझे पाय वाचले असते." आन उठली. "कालची गेली ती गेली. आजची मी बघते. घराचं, वाडीचं, सगळं मी बघते. तू तुझी लादी पूस."

मी तिला हाताला धरून डॉक्टरबाईंकडं नेलं. त्यांनी सांगितलं, आज लगेच गोळी द्या, एक चुकली म्हणून पुढच्या सोडू नका. सिस्टरनं बाटलीत कापूस कोंबून दिला, वाजू नये म्हणून. म्हातारीनं तो तिथंच काढून टाकला. "वाजू दे. आता मला भीती नाय."

तिनं काय केलं सांगू? रोज सांजेला ती अंगणात उभी राहून सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी ओरडायची, "मंजेऽ, पेपरमिट खाल्लंस काय गं?" मंजीला मळमळायचं, चक्कर यायची, तरी खायची. लोक इचारायचे, कसलं पेपरमिट? म्हातारी सांगायची, "कूड हाय. तुमाला नाय कळायचं." वाडीनं वेगळी बसवली नाय. म्हातारीच्या तोंडाला कोण लागणार?

अठ्ठावीस झाल्या. तीसातली एक टाकलेली, म्हंजे बाटलीत एकच राह्यली असायला पायजे, तर दोन राह्यल्या. मोजून घेतल्या तर टाकलेली गोळी म्हातारीनं शेणाच्या ढिगातनं शोधून धुवून परत बाटलीत टाकलेली. सिस्टरनं डोक्याला हात लावला. पण त्यानं एक कळलं, की मंजीनं दिवस पुरे केले.

या सगळ्यानंतर डॉक्टरबाईंनी मोठ्या साहेबांच्या मागं लागून एक केलं. बाळंतपणाच्या वार्डात काचेच्या कपाटात एक डबा ठेवला. पहिल्या दिवसाच्या गोळ्या त्यात. कुलूप नाय, कागदाची पट्टी चिकटवलेली, फाडली की कळतं कुणीतरी घेतली. वर सिस्टरनं लिहिलं, सुई लागलेल्या कुणालाही, कायम असो का ठेक्याचा. रात्रपाळीलाबी मिळते, सुट्टीलाबी. दवाखान्यात त्याचं नाव पडलं पेपरमिटचा डबा. कदमभाऊ आधी रागावले, मंग स्वतःच पट्टी तपासायला लागले.

एक हरलेलीबी सांगते. हायवेला उभी राहणारी एक बाई व्हती. ट्रकवाल्यांकडं जायची. तिच्यावर कुणीतरी जबरदस्ती केलेली. ती दवाखान्यात आली, पण केसपेपरच्या खिडकीवर माणूस मोठ्यानं इचारतो, काय होतंय? मागं रांग. ती काय सांगणार? दोन दिवस येऊन येऊन परत गेली. मागच्या तारेवर मी फडकी वाळत घालते तिथं उभी राहून जायची. मला वाटलं कुणाची वाट बघतेय. मीच इचारलं, पण तिसरा दिवस उलटल्यावर. तोवर वेळ टळलेली. डॉक्टरबाईंनी तपासलं, सगळं केलं, बोलल्या तुझ्यासारखीसाठी रोज आधीच घ्यायची गोळीबी असते, तिची सोय लांब हाय, मी चिठ्ठी देते. ती चिठ्ठी घेऊन गेली. पोलिसात जायचं का तेबी इचारलं, नाय बोलली. पुढं ती दिसली नाय. मी तिला पहिल्याच दिवशी का इचारलं नाय, हे मला अजून लागतं.

त्यानंतर खिडकीवरच्या माणसाला सांगून ठेवलं. कुणी पेपरमिट बोललं की काय होतंय इचारायचं नाय, कागद मागायचा नाय, सरळ आत सिस्टरकडं धाडायचं. हायवेवरच्या बायांना ते कसं कळलं ठाऊक नाय, पण कळलं. भंगार वेचणारी एक आली, मोहोपाड्याकडनं कारखान्याच्या दवाखान्यातला एक सफाईवाला आला, एक बाई तोंडाला पदर बांधून आली. खिडकीत वाकून हळूच बोलायचे, पेपरमिट. वेळेत आले. सगळे वेळेत आले.

मंजीची शेवटची तपासणी व्हती त्या दिवशी मी, बुधीबाई आन म्हात्रेसिस्टर बाकावर बसलो व्हतो. मंजी एकटीच आत गेली, तिनंच सांगितलं व्हतं, मला एकटीला ऐकायचंय. आतनं बोलायचा आवाज येईना. बुधीबाई काठी आपटत व्हती. सिस्टर बोलल्या, "आजी, आपटू नका, पेशंट झोपलेत." म्हातारी बोलली, "झोपलेत तर आपटली म्हणून काय कळणार हाय त्यांना?"

मंजी बाहेर आली. उभी राह्यली.

"काय गं?" म्हातारी.

"काय नाय."

"काय नाय म्हंजे काय?"

"म्हंजे काय नाय झालं मला. साफ हाय मी."

म्हातारीनं कमरेची चंची काढली, त्यातनं पेपरमिट काढलं, कुठनं विकत आणलेलं देव जाणे, आधी सिस्टरला दिलं, मंग मला, मंग मंजीला, आन शेवटी आपल्या तोंडात टाकलं. आमी चौघी बाकावर बसून चघळत राह्यलो. बबन समोरनं गेला, मान खाली घालून. म्हातारीनं त्यालाबी एक दिलं.

मंजी उठली, मागच्या शेडकडं गेली. नवी सफाईवाली आलेली, पिशवीत हात घालत व्हती. मंजीनं तिचा हात धरला. "आधी हलवून बघायची. दिसली तर चिमट्यानं. आन लागली तर पिळायचं नाय, चुना लावायचा नाय. साबणानं धू आन पळ सिस्टरकडं." आवाज एवढा मोठा की वार्डात ऐकू आला. आधी ती मान वर करून बोलायची नाय.

मी आता सुटले नोकरीतनं. घरी असते. जे कुणी हे वाचतील त्यांना एकच मागणं हाय. तुमच्या गावच्या दवाखान्यात एकदा जा. आजारी नसलात तरी जा. तिथं इचारा, ही गोळी कुठं ठेवलीय, आन ज्याच्याकडं चावी हाय तो सुट्टीवर असला तर चावी कुणाकडं असते. उत्तर नाय मिळालं तर परत इचारा. तुमचं पोर तिथं कामाला नसंल, पण कुणाचं तरी असतं.